फाईलमधला ‘पती’: वीर्यतपासणीपासून ऑपरेशनपर्यंत

शेवट आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्या उत्सुकतेपोटी कुणी मधला भाग गाळणार नाही. बायकोला सध्या पाचवा महिना आहे. हे माझ्या ऑपरेशनमुळे झालं की ऑपरेशन न करताही झालं असतं, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. आमच्या डॉक्टरांनीही सांगितलं नाही. त्यामुळे ‘अमुक केलं की तमुक होतं’ अशा थाटात हे वाचू नका. ज्याच्या हातात पहिला रिपोर्ट पडलाय आणि जो रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर त्यातला एकेक आकडा शोधत बसलाय, त्याच्यासाठी हे लिहितोय.

वर्षभर नियमित संबंध असूनही गर्भ राहिला नाही तर दोघांच्या तपासण्या कराव्यात, आणि बायकोचं वय पस्तीस किंवा त्याहून जास्त असेल तर सहा महिन्यांतच कराव्यात, असा सर्वसाधारण नियम आहे. आमचं वर्ष उलटून गेलं होतं, बायको एकतीस वर्षांची. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलो. फाईल तिच्या नावाने निघाली आणि मी त्यात ‘पती’ या रकान्यात एका ओळीत मावलो. पुढचे काही महिने तिची सोनोग्राफी, पाळीच्या ठरावीक दिवशी रक्त तपासणं, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघणारा एक्स-रे. तो एक्स-रे चांगलाच दुखतो. मी बाहेर बाकावर बसून पावत्या सांभाळत होतो. तिचं सगळं नॉर्मल आल्यावर डॉक्टर म्हणाल्या, “आता यांचीही एकदा करून घेऊ.”

हा क्रम मला आजही पटत नाही. सगळ्या तपासण्यांत वीर्यतपासणी सर्वांत स्वस्त, न दुखणारी आणि एका सकाळीत उरकणारी. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडची काहीतरी अडचण असते, कधी एकटी, तर कधी बायकोच्या अडचणीच्या जोडीने. असं असताना पहिल्या भेटीतच दोघांच्या हातात चिठ्ठी का देत नाहीत, कळत नाही. तुमच्या डॉक्टरांनी दिली नाही तर मागून घ्या. मागितली म्हणून कुणी नाही म्हणत नाही.

फेब्रुवारीच्या मध्यात लॅबला फोन केला. सॅम्पल फक्त सकाळी घेतात आणि आधी वेळ ठरवावी लागते, असं कळलं. तपासणीआधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस वीर्यस्खलन झालेलं नसावं. ‘जितके जास्त दिवस थांबू तितका काउंट चांगला’ हे अर्धंच खरं आहे. संख्या थोडी वाढते, पण साठून राहिलेल्या शुक्राणूंची हालचाल मंदावते. आणि पुन्हा तपासणी कराल तेव्हा तितकेच दिवस थांबा, नाहीतर दोन रिपोर्टची तुलना करता येत नाही.

काउंटरवर एक फॉर्म मिळतो. शेवटचं स्खलन कधी झालं, गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का, कुठली औषधं चालू आहेत, सॅम्पल कुठे घेतलं, किती वाजता घेतलं आणि त्यातला काही भाग सांडला का. हा शेवटचा प्रश्न वाचून बरेच जण ‘नाही’वर खूण करून मोकळे होतात. पण सुरुवातीच्या थेंबांतच सर्वाधिक शुक्राणू असतात. ते डबीबाहेर गेले तर रिपोर्ट वाईट येणारच, मग पुढचे काही आठवडे फुकटची चिंता. सांडलं असेल तर तसं लिहा. लॅबवाले फार तर पुन्हा बोलावतील.

डबी त्यांचीच घ्यायची, कारण ती शुक्राणूंना बाधक नाही याची खात्री केलेली असते. साधा कंडोम चालत नाही. तेल, जेल, लाळ यातलं काहीही वापरायचं नाही. घरून आणणार असाल तर अर्ध्या तासात, उशिरात उशिरा तासाभरात पोचवायचं, आणि वाटेत डबी शर्टाच्या आत अंगाला लागून ठेवायची. थंडीत हातात धरून आणली तर हालचाल मंद झालेली दिसते. मी लॅबमध्येच दिलं. खोली म्हणजे एक खुर्ची, एक बेसिन, एक कडी आणि दाराबाहेर चालणाऱ्या चपलांचा आवाज. कडी नीट लागते का, ते मी पुन्हापुन्हा बघितलं. अशा खोलीत काही होत नाही म्हणून घामाघूम होणारे पुष्कळ असतात, काउंटरवरच्या माणसाला ते चांगलं ठाऊक असतं. जमलं नाही तर बाहेर येऊन सांगा, दुसऱ्या दिवशीची वेळ देतात. डबी देताना तिच्यावर स्वतःचं नाव आणि जन्मतारीख लिहिलीय ना, हे डोळ्यांनी बघून मगच हातातून सोडा.

रिपोर्ट संध्याकाळी आला. संख्या दर मिलिलिटरला ४ मिलियन, म्हणजे ४० लाख. हालचाल करणारे २२ टक्के. नॉर्मल आकाराचे २ टक्के. तळाशी ठळक अक्षरांत एक लांबलचक ग्रीक-लॅटिन शब्द. त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की वरचे तिन्ही आकडे कमी आहेत. ते निदान नाही. का कमी आहेत हे त्यातून काहीच कळत नाही. पण त्या रात्री हे मला कोण सांगणार? बायको म्हणाली, “तू आधी झोप. उद्या बघू.” झोप अर्थातच आली नाही.

त्या रात्री मला कळलं असतं तर बरं झालं असतं, अशा दोन गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे ‘नॉर्मल’ हा आकडा कुठून येतो. जागतिक आरोग्य संघटना वीर्यतपासणीची एक हस्तपुस्तिका काढते. तिची सहावी आवृत्ती २०२१ मध्ये आली. तिच्यात खालच्या मर्यादा अशा दिल्या आहेत: वीर्याचं प्रमाण १.४ मिलिलिटर, संख्या दर मिलिलिटरला १६ मिलियन, एका वेळच्या वीर्यात एकूण ३९ मिलियन, हालचाल ४२ टक्के, त्यात पुढे सरकणारे ३० टक्के, नॉर्मल आकाराचे ४ टक्के. ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले अशा पुरुषांचे आकडे जमवून त्यातल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांपाशी ही रेघ मारलेली आहे. म्हणजे बाप झालेल्या शंभर पुरुषांतले पाच जण या रेघेच्या खालीच होते. उलट, रेघेच्या वर असूनही मूल न होणारे असतातच. आणि चार टक्के वाचून दचकू नका, उरलेल्या शहाण्णव टक्क्यांचा आकार थोडाफार वेडावाकडा असणं हेच माणसात नेहमीचं आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. पुढे वृषणाच्या मागच्या गुंडाळी झालेल्या नळीतून प्रवास करून बाहेर यायच्या लायकीचं व्हायला आणखी एक-दोन आठवडे. म्हणजे आज डबीत जे पडलं, त्याचं काम अडीच-तीन महिन्यांपूर्वी सुरू झालं होतं. मला जानेवारीच्या सुरुवातीला सणसणीत ताप येऊन गेला होता. वृषणांना शरीराच्या इतर भागापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागतं, म्हणून तर ती बाहेर लोंबती असतात. जोराचा ताप आला की त्या काळात घडत असलेला माल बिघडतो आणि ते पुढच्या रिपोर्टांत दिसतं. याच कारणासाठी एका रिपोर्टवरून कुणी काही ठरवत नाही. काही आठवड्यांच्या अंतराने किमान दोन लागतात, आणि मध्ये ताप येऊन गेला असेल तर तीन महिने सोडून.

मार्चमध्ये पुरुषांच्या वंध्यत्वाचं काम करणाऱ्या यूरोलॉजिस्टची वेळ मिळाली. वाट बघावी लागली, कारण असे डॉक्टर थोडे. इथे पहिल्यांदा माझ्या नावाची फाईल झाली.

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी प्रश्न विचारले. लहानपणी वृषण खाली उतरायला उशीर झाला होता का? हर्नियाचं ऑपरेशन? वयात आल्यावर गालगुंड झाले होते का? मधुमेह? कामाच्या जागी उष्णता, रसायनं? केस गळतात म्हणून गोळी चालू आहे का? जिममध्ये कुणी इंजेक्शन दिलंय का? सिगारेट, दारू? संबंधांच्या वेळी काही अडचण? हे सगळं बायकोसमोर विचारलं जातं. ज्याला एकट्याने बोलायचं असेल त्याने आधी सांगितलं तर ते आधी एकट्याला आत बोलावतात.

जिमच्या इंजेक्शनबद्दल थोडं थांबतो. माझ्या ओळखीच्या एकाने, अगदी मनापासून, सल्ला दिला होता की टेस्टोस्टेरॉन घे, मर्दानी हार्मोन आहे, काउंट वाढेल. ऐकायला पटतं. प्रत्यक्षात नेमकं उलट होतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूला वाटतं, भरपूर आहे, आता वृषणांना हुकूम सोडायची गरज नाही. मेंदूकडून वृषणांना हुकूम पोचवणारी एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स खाली येतात आणि शुक्राणूंचं उत्पादन बंद पडतं. कित्येकांचा काउंट शून्यावर जातो. थांबवल्यावर बहुतेकांचा परत येतो, पण त्याला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. मूल हवं असताना हे इंजेक्शन घ्यायचं नाही. दुसऱ्या कुणा डॉक्टरने थकव्यासाठी दिलं असलं तरी आधी सांगायचं की आम्ही मुलासाठी प्रयत्न करतोय.

मग पडद्यामागे तपासणी. लाज वाटते ती पहिला मिनिटभर. डॉक्टरांच्या हातात दोरीत ओवलेले अंड्याच्या आकाराचे मणी होते, अगदी बारीक मण्यापासून चांगल्या जाडजूड मण्यापर्यंत, प्रत्येकावर आकडा. एका हाताने वृषण चाचपायचं, दुसऱ्या हाताने त्याच्या मापाचा मणी शोधायचा. मण्यावरचा आकडा म्हणजे मिलिलिटरमध्ये आकारमान. मोठ्या माणसाचं साधारण १५ ते २५ असतं. उजवीकडे १८ निघालं, डावीकडे १२. वृषणाचा बहुतेक भाग शुक्राणू तयार करणाऱ्या नळ्यांनीच भरलेला असतो, त्यामुळे आकार घटला तर उत्पादन घटलंय असा अंदाज बांधता येतो. मग वीर्यवाहिनी दोन्ही बाजूंना हाताला लागते का ते बघितलं. काही पुरुषांत ती जन्मतःच नसते, आणि हे कुठल्याही महागड्या मशीनच्या आधी बोटांना कळतं. शेवटी उभं राहायला सांगितलं आणि म्हणाले, “आता कुंथा.”

“हं. सापडलं,” ते म्हणाले.

डावीकडे व्हेरिकोसील. वृषणातून रक्त परत नेणाऱ्या शिरा फुगून त्यांचा गुंता होतो, हाताला तो गांडुळांच्या पुरचुंडीसारखा लागतो. साधारण १५ टक्के पुरुषांत असतो आणि त्यातल्या पुष्कळांना त्रास काहीच नसतो, मुलंही होतात. पण ज्यांना मूल होत नाही अशा पुरुषांत तो ३५ ते ४० टक्क्यांत सापडतो. डावीकडे जास्त का, तर डाव्या वृषणाची शीर वर जाऊन मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते आणि उजव्या बाजूची थेट मोठ्या शिरेला तिरकी मिळते. डावीकडे दाब जास्त पडतो, झडपा निकामी होतात, रक्त खाली साठतं आणि तिथलं तापमान वाढतं. फक्त कुंथल्यावर कळला तर पहिली पायरी, न कुंथता हाताला लागला तर दुसरी, नुसत्या नजरेला दिसला तर तिसरी. माझा दुसऱ्या पायरीचा.

इतकी वर्षं तो तिथेच होता आणि मला पत्ता नव्हता. कुठल्याही वीर्यतपासणीत तो कळला नसता. म्हणूनच सांगतो, कागद पाहून गोळ्या लिहून देणाऱ्याकडे थांबू नका. पुरुषालाही हाताने तपासावं लागतं.

रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या: एफएसएच, एलएच, टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन. टेस्टोस्टेरॉन सकाळी, दहाच्या आत द्यायचं, कारण दिवस चढेल तसं ते उतरतं. लॅबवाल्याने दुपारीही चालेल म्हटलं तरी ऐकू नका. माझं टेस्टोस्टेरॉन ठीक होतं, एफएसएच वरच्या मर्यादेला टेकलेलं. म्हणजे वृषण थोडं मागे पडतंय आणि मेंदू जास्त जोर लावतोय.

संख्या फारच कमी असेल किंवा शुक्राणूच नसतील तर गुणसूत्रांची आणि वाय गुणसूत्रातले काही तुकडे गळालेत का याची तपासणी करतात. ती महाग असते आणि निकालाला आठवडे लागतात. डॉक्टर म्हणाले, दुसरा रिपोर्ट येऊ दे, मग ठरवू. हे ‘मग ठरवू’ म्हणणारे डॉक्टर मला आवडले. शुक्राणूंच्या डीएनएच्या तुकड्यांची तपासणी एका जाहिरातीत वाचून मी विचारली होती. तीही त्यांनी तेव्हा नको म्हटली. वारंवार गर्भपात होत असेल तर तिचा उपयोग, सुरुवातीलाच सगळ्यांना करायची गरज नसते.

एप्रिलच्या शेवटी दुसरं सॅम्पल, यावेळी वेगळ्या लॅबमध्ये. ९ मिलियन, हालचाल ३१ टक्के. तापाचा परिणाम ओसरला होता, पण खालीच. गुणसूत्रांची तपासणी टळली.

इथे रिपोर्ट वाचायची एक युक्ती शिकलो. तिन्ही आकडे वेगवेगळे धरून रडण्यापेक्षा वीर्याचं प्रमाण गुणिले संख्या गुणिले हालचालीची टक्केवारी करा. एकूण हलणारे शुक्राणू निघतात. डॉक्टर मनातल्या मनात हेच करतात. पहिल्या वेळी माझे अडीच मिलिलिटरमध्ये २.२ मिलियन होते, दुसऱ्या वेळी २.८ मिलिलिटरमध्ये ७.८. गर्भाशयात धुतलेलं वीर्य सोडायचं, म्हणजे आययूआय करायचं, की एकेक शुक्राणू उचलून बीजात टोचायचा, म्हणजे इक्सी, हे ठरवताना असाच हलणाऱ्यांचा आकडा बघतात. इक्सीने पहिलं मूल १९९२ मध्ये जन्माला आलं. ज्यांच्या वीर्यात शुक्राणू जेमतेम असतात, किंवा वृषणातूनच काढावे लागतात, त्यांना त्याआधी स्वतःच्या शुक्राणूपासून मूल होण्याची आशा जवळपास नव्हती. हे वाचल्यावर मला का कोण जाणे, बरंच हलकं वाटलं.

आणि वीर्य किती आलं, घट्ट होतं की पातळ, यावरून काही ठरवू नका. वीर्याचा बहुतेक भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा द्रव असतो, वृषणातून येणारा वाटा अगदी थोडा. वरून सगळं नेहमीसारखं दिसत असताना त्यात एकही शुक्राणू नसू शकतो. तसंच, संबंध नीट होतात म्हणजे काउंटही नीट असणार, याला काहीही आधार नाही. या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. हे कळलं की निम्मी लाज गळून पडते, निदान माझी पडली.

मे महिना निर्णयात गेला. डॉक्टरांनी तीन वाटा मांडल्या. काही न करता आणखी सहा महिने प्रयत्न. व्हेरिकोसीलचं ऑपरेशन. किंवा थेट आयव्हीएफ-इक्सी, म्हणजे बीजं बाहेर काढून लॅबमध्ये गर्भ तयार करणं. हाताला लागणारं व्हेरिकोसील, बिघडलेला रिपोर्ट आणि बायकोचं सगळं ठीक, अशा वेळी ऑपरेशनचा विचार करतात. नुसतं सोनोग्राफीत दिसलेलं, हाताला न लागणारं असेल तर करत नाहीत. साधारण तिघांतल्या दोघांचे आकडे सुधारतात, पण सुधारणा दिसायला तीन ते सहा महिने लागतात. आणि आकडे सुधारले म्हणजे दिवस राहतीलच असं नाही. सगळ्यात मोठा प्रश्न बायकोच्या वयाचा. “या अडतीस वर्षांच्या असत्या तर मी तुम्हाला वाट बघायला लावलं नसतं,” असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बायकोने विचारलं, “इक्सी केलं तर इंजेक्शनं, भूल, बीजं काढणं, सगळं माझ्याच अंगावर ना?” हो, तिच्याच. अडचण माझी, सुया तिला. आम्ही ऑपरेशन निवडलं.

या काळात गोळ्यांचा भडिमार होतो. अँटिऑक्सिडंट, झिंक, फॉलिक ॲसिड, कायकाय. २०२० मध्ये २३७० जोडप्यांवर केलेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांना सहा महिने झिंक आणि फॉलिक ॲसिड देऊन बघितलं, ना वीर्याचे आकडे सुधारले, ना जन्माला येणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढलं. डॉक्टरांनी मला लिहून दिलं नाही. मांडीवर लॅपटॉप घेऊन तासन्‌तास बसणं आणि सॉना बंद करायला सांगितलं, वजन उतरवायला सांगितलं आणि पाळीच्या मधल्या काळात एक दिवसाआड संबंध ठेवा म्हणाले. बीज बाहेर पडतं तो दिवस आणि त्याआधीचे पाच, एवढाच काळ असतो. मात्र कॅलेंडरवर खुणा करून संबंध ठेवायला लागलं की काय होतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. आम्ही दोन महिन्यांनी त्या खुणा बंद केल्या.

विम्याचं मात्र वेळीच बघा. पुष्कळ पॉलिसींत वंध्यत्वावरचे उपचार वगळलेले असतात, आणि हे ऑपरेशन त्यात मोडतं की साध्या शस्त्रक्रियेत, यावर कंपनी घोळ घालू शकते. दाखल होण्याआधी निदान, ऑपरेशनचं नाव आणि ‘हाताला लागणारं व्हेरिकोसील, डाव्या वृषणाचा आकार कमी’ असं डॉक्टरांच्या कागदावर स्पष्ट लिहून घेतलं आणि कंपनीकडून ईमेलवर उत्तर मागितलं. एक आठवडा काही नाही, मग जादा कागद मागितले, मग मंजुरी, तीही अर्धवट. उरलेले पैसे खिशातून. ऑपरेशनचा खर्च आधीच्या सगळ्या तपासण्यांच्या बेरजेच्या कितीतरी पट होता, आयव्हीएफच्या एका फेरीपेक्षा मात्र बराच कमी. ऑफिसला द्यायच्या दाखल्यावर ‘शस्त्रक्रिया, विश्रांती आवश्यक’ एवढंच पुरतं, कसली ते लिहायची गरज नसते. तसं सांगून लिहून घ्या.

जूनच्या अखेरीस ऑपरेशन. मायक्रोस्कोपखाली करतात ते, जांघेच्या खाली दोन-तीन सेंटिमीटरची चीर देऊन. दुर्बिणीतूनही होतं, पण मायक्रोस्कोपखाली रोहिणी आणि लसिकावाहिन्या वेगळ्या ओळखून वाचवता येतात, म्हणून वृषणाभोवती पाणी भरणं किंवा शिरा पुन्हा फुगणं याचं प्रमाण सगळ्यात कमी. संमतीपत्रावर हे दोन्ही धोके छापलेले असतात, आणि क्वचित वृषण आक्रसण्याचाही. तिथे सही करताना हात थबकतो. त्यांनी प्रत्येक ओळ समजावून सांगितली, घाई केली नाही.

सकाळी दाखल, दुसऱ्या दिवशी घरी. दोन दिवस चालताना फाकून चालावं लागतं. घट्ट आधार देणारी लंगोटवजा चड्डी आधीच आणून ठेवा, दाखल झाल्यावर शोधाशोध नको. कापडात गुंडाळलेला बर्फ. निळसर-जांभळा डाग मांडीपर्यंत उतरतो, तो बघून घाबरायचं नाही. ताप, वाढती सूज किंवा जखमेतून पाणी आलं तर लगेच फोन करायचा. बसून काम आठवड्याभरात जमलं, वजन उचलायला तीन-चार आठवडे मनाई.

मग वाट बघणं, आणि या सगळ्यातलं कठीण तेच. तीन महिन्यांच्या आत तपासणी करून उपयोग नाही हे माहीत असतं आणि तरी हात लॅबच्या नंबरकडे जातो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला १३ मिलियन, हालचाल ३५ टक्के. जानेवारीत १९ मिलियन, ४१ टक्के. दुसऱ्या लॅबच्या सॉफ्टवेअरने ४१ ठळक छापून पुढे ‘कमी’ लिहिलं होतं, कारण ते २०२१ ची ४२ ची मर्यादा धरत होते. पहिल्या लॅबच्या कागदावर मात्र २०१० च्या आवृत्तीचीच मर्यादा छापलेली होती, ४० टक्के. तिथे हेच सॅम्पल नॉर्मल ठरलं असतं. डॉक्टर हसले आणि म्हणाले, एकूण हलणारे वीस मिलियन झालेत, घरी जा.

मार्चमध्ये बायकोची पाळी चुकली.

माझी पुढची तपासणी आणखी सहा महिन्यांनी आहे. आता कशाला, असं मी विचारलं. ज्यांच्या वीर्याचे आकडे कमी असतात अशा पुरुषांत वृषणाच्या कर्करोगाचं प्रमाण इतरांपेक्षा थोडं जास्त आढळतं. मुळात तो दुर्मीळ आहे आणि लवकर सापडला तर बहुतेक बरा होतो, पण सापडायला बघावं लागतं. महिन्यातून एकदा, गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर, एकेक वृषण अंगठा आणि बोटांमध्ये हळू फिरवून बघायचं. मागच्या बाजूला नळीची मऊ गुंडाळी लागते, ती सगळ्यांनाच असते. वृषणावरच कडक, न दुखणारी गाठ लागली किंवा आकार बदललेला वाटला तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबायचं नाही, त्याच आठवड्यात जायचं.